शाबूत गॅरंटी

दादांनी नवी मोटार घेतली तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो, आणि त्यातही जुन्या जालन्यातल्या अशा गल्लीत, जिथं समोरून बैलगाडी आली की सायकलवाल्याला उतरून भिंतीला पाठ लावावी लागे. त्यामुळं मोटार आमची असली तरी ती दारात कधी आली नाही. गल्लीच्या तोंडाशी दुकानाचं गोदाम होतं, त्याच्यापुढं ती उभी असायची आणि आम्ही घरातली माणसं तिला भेटायला जायचो.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचे धाकटे भाऊ त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आम्ही मुलंही तेच म्हणायला लागलो. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. संकरित बियाण्याच्या थैल्या तेव्हा नव्यानं यायला लागल्या होत्या, थैलीचं तोंड शिवलेलं आणि त्या दोऱ्याला शिशाचं सील. हंगाम संपल्यावर उरलेल्या थैल्या कंपनी परत घ्यायची, पण सील शाबूत असेल तरच. दादांनी सगळा धंदा या सिलावर उभा केला होता. "शेठ, अर्धीच थैली द्या की," असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्या माणसानं अर्धी मुलगी मागितली. तुटल्या सिलाचा माल त्यांनी कधी घेतला नाही आणि कधी दिलाही नाही. गावात त्यांची पत होती ती एवढ्या एका गोष्टीवर.

गाडीचा नंबर लावून वर्षं लोटली होती. लावला तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते, गाडी आली तेव्हा नववीत होते. औरंगाबादच्या एजन्सीतून दादा गाडी घेऊन आले. सोबत तिथला एक माणूस चालवायला होता आणि दादा मागच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, सासुरवाडीला पहिल्यांदा गेल्यासारखे. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र काढू दिलं नाही. मेच्या उन्हात त्या प्लॅस्टिकवर बसलं की उठताना फ्रॉक एकीकडं आणि कातडी एकीकडं होते की काय असं वाटायचं. चपला काढून आत बसायचं, असाही नियम होता. आम्ही तो देवळापेक्षा जास्त पाळला.

एजन्सीवाल्यानं दादांना निघताना सांगितलं होतं, "एक वर्षाची गॅरंटी आहे शेठ. फक्त आमच्या माणसाशिवाय कुणाला काही खोलू देऊ नका. बाहेरचा हात लागला की गॅरंटी खलास."

हे दादांना लगेच पटलं. त्यांच्या भाषेतलंच होतं ते. गाडीसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. दादा निजामाच्या काळातल्या शाळेत उर्दूतून शिकलेले, म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी ओसरीवर उभी राहून दोन पानं मोठ्यानं वाचली. त्यातलं 'द' आणि 'अँड' मला चांगलं कळलं. दादा मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि शेवटी आईला म्हणाले, "बराबर. तो माणूस हेच सांगत होता."

त्याच संध्याकाळी फडक्यानं चाकं पुसताना त्यांना एक शोध लागला. चाकाच्या प्रत्येक नटवर लाल रंगाचा एक ठिपका होता, अर्धा नटवर आणि अर्धा चाकावर. त्यांनी मला बोलावलं, आईला बोलावलं, शेजारच्या कापडवाल्यांना बोलावलं.

"बघा. कंपनीनं सील मारून दिलंय. कुणी पाना लावला की हे तुटणार, आन् त्यायला लगेच कळणार."

कापडवाल्यांनी वाकून बघितलं. "कमाल आहे बुवा," म्हणाले. गल्लीत त्यांच्याकडं गाडी नव्हती आणि आमच्याकडं अक्कल नव्हती, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही.

आईला एकच भाऊ. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या काठाला त्याचं गाव. तो आईला अक्का म्हणायचा. वर्षातून दोनदा बसनं यायचा, येताना काठाची वांगी आणायचा आणि आईनं वाढलेलं अन्न बोलत बोलत, भुकेपेक्षा जास्त खायचा. गाडी आल्याचं त्याला कळलं तेव्हा त्यानं निरोप धाडला, की अक्का, तू गाडीत बसून ये, मी वेशीपाशी उभा राहतो. दादा म्हणाले, पहिली सर्व्हिस झाली की जाऊ. आई म्हणाली, बरं.

ती सर्व्हिस व्हायच्या आधीच एक दिवस सकाळी घनसावंगीहून येणाऱ्या पहिल्या बसचा कंडक्टर दुकानात आला. मामाच्याच गावचा होता. टोपी काढून हातात धरली होती, त्यावरूनच दादांनी ओळखलं. आदल्या सांजेला मामाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याला न्यायच्या आत तो गेला. पस्तिशीचाही नव्हता.

"अक्कासाठी थांबलेत सगळे," कंडक्टर म्हणाला. "पन जल्दी करा शेठ. उन्हाळ्याचे दिवस हायेत. दुपारपर्यंत ठेवतील, त्याच्या पुढं कसं ठेवणार. मी धाच्या गाडीनं वापस चाललो. मंग सोबत येता का?"

दादा म्हणाले, "बस कशाला? गाडी आहे. तुमच्या आधी पोचतो."

आईनं रडायला सुरुवात केली नव्हती. ती फक्त पदर कमरेला खोचून उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मला त्याचं तोंड बघायचंय." पुन्हा थोड्या वेळानं, "तोंड बघू द्या मला त्याचं, बाकी काही न्हाई." दादांनी दुकानाला कुलूप लावलं. मी केसांना रिबिनी बांधल्या. मामा माझाही लाडका होता आणि मी रडतही होते, पण गाडीतून गावाला जायची ती पहिलीच वेळ होती आणि हात आपोआप रिबिनीकडं गेले. पुढं गाडीत आईच्या लक्षात आलं तेव्हा तिनं त्या सोडल्या आणि स्वतःच्या मुठीत ठेवल्या.

दादा तोपर्यंत गाडी चालवायला शिकले होते, म्हणजे सरळ रस्ता असेल तर. अंबड मागं पडलं. मोसंबीचे मळे गेले. गाडी सायकलच्या वेगानं चालली होती, कारण नव्या गाडीला पळवायचं नसतं असंही त्या एजन्सीवाल्यानं सांगितलं होतं. आई म्हणाली, "अहो, जरा जल्दी." दादांनी जरा जल्दी केलं. मग मागून फुस्स असा एक लांबलचक आवाज आला, कुणीतरी कंटाळून श्वास सोडावा तसा, आणि गाडी एका अंगानं खाली बसली.

उतरून बघितलं तर मागचं डावं चाक. बैलाच्या नालेचा खिळा टायरमध्ये पार घुसलेला. आमच्या रस्त्यांवर असले खिळे ज्वारीच्या दाण्यांसारखे सांडलेले असायचे.

दादा चाकापाशी उकिडवे बसले. डिकीत स्टेपनी होती, खाकी कागदात गुंडाळलेली, आली तशी. पाना होता, जॅक होता. दादांनी पाना हातात घेतला, नटवरच्या लाल ठिपक्याकडं बघितलं आणि पाना खाली ठेवला.

जालन्याकडं जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पागोट्याच्या शेवानं मान पुसत आला.

"काय झालं शेठ? पंक्चर? स्टेपनी हाये ना? सरका, पाच मिनिटांत लावून देतो."

"न्हाई न्हाई, हात लावू नका," दादा एकदम उभे राहिले. "गॅरंटीत आहे."

"काय, चाक?"

"सगळीच गाडी. सील आहे त्याच्यावर. कंपनीचाच माणूस लागतो."

ड्रायव्हरनं चाकाकडं बघितलं, मग झाडाखाली बसलेल्या आईकडं बघितलं. "बाईंना घाई दिसून राह्यली शेठ."

"घाई आहे. म्हणूनच सांगतो. तुम्ही जालन्याला चालले, तर औरंगाबादच्या एजन्सीचा एक मिस्त्री तिथं असतो, त्याला निरोप द्या. मोंढ्याजवळ बसतो तो. म्हणावं असाल तसे या."

"देतो निरोप," ड्रायव्हर म्हणाला. "पन माझी गाडी कोनत्याच गॅरंटीत न्हाई आन् आजपर्यंत कुठं अडली न्हाई." तो चांगल्या मनानंच म्हणाला. ट्रक गेला.

दादांना त्या वेळी काय वाटत असेल, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. ते कंजूष नव्हते. आईवर त्यांचा जीव होता, आणि मामाला तर ते धाकट्या भावासारखं वागवायचे. पण ज्या माणसानं सगळं आयुष्य सील सांभाळण्यात घालवलं, त्याला सील तोडायला सांगणं म्हणजे जेवताना डाव्या हातानं जेव म्हणण्यासारखं होतं. हात वळतच नाही. आणि त्यांना खरंच वाटत होतं की मिस्त्री तासाभरात येईल.

तास गेला. मग बस आली.

दहाचीच बस, अंबडला थांबत थांबत आलेली. कंडक्टरनं आमची गाडी ओळखली आणि घंटी मारून बस उभी केली. दारातूनच म्हणाला, "अक्का, चला. जागा आहे. बसा पटकन."

आई उठली. धावतच गेली म्हटलं तरी चालेल. तिचा एक पाय बसच्या पायरीवर होता, हात दांडीला. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "नवी कोरी दिसती, आन् बसली की हो." दुसरा म्हणाला, "धक्का मारायचा का शेठ?" खिडक्यांतून माणसं हसली. त्यांना आमच्या घरात काय झालंय ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या माणसांनी हसावं असंच ते दृश्य होतं. पांढऱ्या धोतरातला एक माणूस, हातात पिवळं फडकं, पायात चपला नाहीत, कारण चपला गाडीच्या नियमानं डिकीत, आणि तापल्या डांबरावर तो एकेक पाय उचलत उभा.

आईनं मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. मग पायरीवरचा पाय खाली घेतला.

"तुम्ही व्हा म्होरं," ती कंडक्टरला म्हणाली. "त्यायला सांगा, अक्का निघालीय. मागून येऊनच राह्यली म्हणावं."

"अक्का, चला हो," कंडक्टर पुन्हा म्हणाला.

"येतो आम्ही."

बस गेली. धूळ बसल्यावर दादा म्हणाले, "गेली असतीस."

"एकटी कशी जाऊ," आई म्हणाली, आणि झाडाखाली जाऊन बसली.

एकटी ती कितीदा गेली होती. मी लहान असताना मला काखेत मारून, एका हातात पिशवी घेऊन ती याच बसनं जायची. पण त्या दिवशी त्या माणसांसमोर दादांना तिथं उभं करून तिला जाववलं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, माझं लग्न झाल्यावर, मटकी निवडता निवडता. "ते उघडे पडले असते गं," एवढंच म्हणाली.

मिस्त्री आला तो ऊन कलायला लागल्यावर. स्कूटरवरून, डोळ्यांना काळा चष्मा, कॅरियरला हत्यारांची पेटी. निरोप मिळाला तेव्हा तो जेवत होता म्हणे, आणि जेवल्यावर त्याला थोडं पडायची सवय होती. आल्या आल्या त्यानं विचारलं, "पहिली सर्व्हिस झाली का?"

"न्हाई अजून," दादा म्हणाले.

"करून घ्यायची असते." असं म्हणून तो वाकला, चाकाकडं बघितलं, आणि चष्मा कपाळावर घेतला. "हे तर पंक्चर आहे."

"हो."

"पंक्चरसाठी बोलावलं का मला?"

"गॅरंटीत आहे ना."

"टायर गॅरंटीत नसतो शेठ. टायर आमच्या कंपनीचा नसतोच. त्यांची कंपनी वेगळी, त्यांचा माणूस वेगळा. आणि खिळ्याची गॅरंटी तर कुणीच देत नाही." त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. आमचाच पाना उचलून नटला लावला.

दादांनी हात पुढं केला. "थांबा. हे लाल?"

"हे होय? फॅक्टरीत नट आवळून झाला की ब्रशनं ठिपका मारतात. आवळला म्हणून. खूण असते ती."

"सील न्हाई?"

"सील कशाचं?"

त्यानं जोर दिला. लाल ठिपका मधोमध तडकला आणि त्याचा एक टवका धुळीत पडला. चाक निघालं, स्टेपनीचा कागद फाडला, ती चढली. ट्रकवाल्यानं सांगितला तेवढाच वेळ लागला. दादा बाजूला उभे राहून बघत होते. आई गाडीत जाऊन बसली होती आणि समोर रस्त्याकडं बघत होती. तिनं ऐकलं का, ते मला कळलं नाही.

पुढचा रस्ता दादांनी कशी गाडी चालवली ते मी सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. नव्या गाडीला पळवायचं नसतं हे ते विसरून गेले होते.

वेशीपाशी पोचलो तेव्हा समोरून नदीवरून माणसं परत येत होती. ओली धोतरं, ओले केस, खाली माना. आमच्यासाठी ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरकली. आईचे म्हातारे चुलते त्यांच्यात होते. ते गाडीच्या खिडकीपाशी आले, आत वाकले.

"लई वाट बघितली पोरी," म्हणाले. "कंडक्टरनं सांगितलं मागून येऊन राह्यले, म्हणून अजून थांबलो. कालचं होतं. दिसत होतं आता चेहऱ्यावर. किती ठेवणार होतो मी."

आई म्हणाली, "बराबर आहे काका."

घरात जमीन धुतलेली होती. जिथं त्याला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून वर दिवा लावला होता. आई त्या दिव्यापाशी बसली, मामीला जवळ घेतलं, आणि तेव्हा ती रडली. रडणं ओसरल्यावर तिनं मामीला पहिली गोष्ट विचारली, "कसा दिसत होता गं?"

"झोपल्यासारखा," मामी म्हणाली.

दिवसकार्य संपेपर्यंत आई तिथंच राहिली आणि आल्यागेल्या प्रत्येकाला तेच विचारत राहिली. एकानं सांगितलं शांत होता. एकीनं सांगितलं हसरा होता. एक जण म्हणाला, दाढी वाढली होती. आई प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायची आणि मान हलवायची, पण तिला त्यातून चेहरा काही जुळत नव्हता. कारण सगळे तिला बरं वाटेल तेवढंच सांगत होते.

टायरचं पुढं काय झालं तेही सांगते. शेजारचे कापडवाले दादांना म्हणाले, "हक्क का सोडता? टायरच्या कंपनीला कळवा." दादांनी काही केलं नाही, म्हणून त्यांनीच कुणाकडून तरी कळवलं. महिन्याभरानं टायरवाल्यांचा माणूस दुकानात आला. अदबशीर होता. टायर फिरवून फिरवून बघितला, खिळा बघितला, म्हणाला की यात कंपनीचा दोष नाही, फार तर बैलाचा आहे. मग गाडीभोवती फेरी मारली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहेर कुठं काही खोललं वगैरे होतं का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "कुणालाच हात लावू दिला न्हाई."

"फार चांगलं केलंत. तुमची गॅरंटी शाबूत आहे."

दादांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर ते थैल्यांच्या थप्पीला टेकून बसले. तीन गिऱ्हाइकं आली, ती मी केली. त्यातल्या एकाला मी तुरीऐवजी मूग दिले, असं तो दुसऱ्या दिवशी सांगत आला.

त्यानंतरच्या पहिल्या बाजारबंदच्या दिवशी दादा सकाळी कपडे करून बाहेर पडले. कुठं चाललात, म्हणून आईनं विचारलं नाही. गाडी गोदामापुढं उभीच होती. ते बसनं गेले, एवढं मला कळलं, कारण परत आले ते स्टँडकडून चालत आणि धुळीनं पांढरे होऊन.

आई चुलीपुढं होती. ते उंबऱ्यात बसले. जेवायचं वाढू का, तिनं विचारलं. ते म्हणाले, थांब जरा.

"गावाला गेल्तो. ज्यानं आंघोळ घातली त्याला भेटलो. ज्यायनं खांदा दिला त्यायला चौघांनाही भेटलो. म्हणालो, बरं वाटेल असं सांगू नका. जसं होतं तसं सांगा."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही.

"दाढी दोन दिवसांची होती," दादा म्हणाले. "ओठ काळे पडले होते. डावी भुवई वर गेल्ती, शेवटपर्यंत खाली आली न्हाई. काही विचारायचं राहिल्यासारखी. डोळे मिटवावे लागले. कपाळावर खोक होती लहानशी, पडताना जात्याला लागलं."

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

भाकरी करपल्याचा वास आला. आईनं ती काढून ठेवली, दुसरी थापायला घेतली, आणि थापता थापता म्हणाली, "हात छातीवर होते का बाजूला?"

दादा म्हणाले, "ते विचारायचं राहिलं."

"राहू द्या."

"न्हाई. पुढच्या खेपेला विचारून येतो."

आणि पुढच्या बाजारबंदला ते खरंच निघाले. आईनं त्यांच्यासोबत भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि ते पायऱ्या उतरून गल्लीत गेल्यावर दारातून म्हणाली, "केस विंचरले होते का, तेही विचारा."